लोकसभेचे माळे

नवी मुंबईत माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते तळवलीच्या आमच्या घरमालकांचे. निवडणुकीच्या धामधुमीत गावठाणातलं बिनपरवाना बांधकाम कुणी पाडत नाही, म्हणून लोकसभा आली की ते एक माळा चढवत. मतदारसंघाचा इतिहास ते माळ्यांवरूनच सांगतात. मी तिसऱ्यावर राहतो.

यंदा घर पाडायची नोटीस आली आणि पाठोपाठ उमेदवार हात जोडून आला. "काका, घरं कायम करू."

"बाला, तुजा बापूस पन हेच बोल्लेला. तवा दुसरा माला चढत व्हता," ते थकून म्हणाले.

मतदानाला मात्र दुखरे गुडघे सांभाळत निघाले. मी विचारलं, "काका, आता कशाला?"

"मत नाय दिला, तर या घराला इचारायला तरी कोन येल?"