मामांची गरम पाण्याची पिशवी

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचं सगळं मामांकडे होतं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी भरणं. मी शेजारच्या खोलीत काचेची भांडी धुवायचो. मामा उंदरांशी बोललेलं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "काय रे, परत भांडलात?" मी डोकावलो की म्हणायचे, "घरी माझं कोण ऐकतंय? इथे निदान कोणी उठून जात नाही."

त्या वर्षी डॉक्टरबाईंनी एक औषध तयार केलं होतं. जंतू रक्तात पसरले की बघता बघता माणूस हातचा जातो. ते शिरण्याआधीच शरीराची प्रतिकारशक्ती जागी करून ठेवायची, अशी बाईंची कल्पना. निम्म्या उंदरांना औषध टोचलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते मामांना ठाऊक नव्हतं. मग सगळ्यांनाच जंतू टोचले.

काही दिवसांनी बाई म्हणाल्या, "दोन्हीकडचे सारखेच जगलेत. औषधात दम नाही. बाटल्या ओतून टाका."

बाटल्या माझ्या मोरीवर आल्या. पाठोपाठ मामा आले, चेहरा पडलेला.

"ओतू नकोस," म्हणाले. "काही उंदीर अंगाचा गोळा करून थरथरत होते. मला बघवेना. बायकोची गुडघे शेकायची पिशवी आणून त्यांच्या पिंजऱ्यांखाली सरकवत होतो. बाई यायच्या आत काढून घ्यायचो."

"मग?"

"अरे, थरथरत होते ते मीठपाण्याचेच असणार. नेमके तेच मी तगवले."

ते तसेच बाईंकडे गेले. मी दारात थांबलो. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मामा, आता सगळं नव्याने करावं लागेल."

"म्हणजे आणखी तितकेच उंदीर?"

"तितकेच."

"मग मला तेवढे दिवस सुट्टी द्या, बाई."

"नाही मिळणार. त्यांना तुमच्या हाताची सवय आहे. नवा माणूस आला की बिथरतात."

दुसऱ्या खेपेला मामा दोन्ही हात काखेत दाबून पिंजऱ्यांसमोर उभे राहायचे. मीठपाण्याचे बहुतेक गेले. औषधाचे भुसा उकरत राहिले. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मामांचा कप तसाच निवला.

"औषध खरं ठरलं की मामा," मी म्हणालो.

"ठरलं. पण मी आधीच हात आवरला असता, तर ही दुसरी खेप लागली नसती."

मामा निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. हवेत गारठा होता. मामी कुरकुरत होत्या, "यांचे गुडघे आता माझ्याहून वाईट झालेत. पण पिशवी दिली की बाजूला सारतात. तुम्ही तरी सांगा."

पिशवी दारामागच्या खुंटीला लटकत होती. मामांनी तिकडे पाहिलं नाही.

"एवढी काही थंडी नाही," म्हणाले, आणि हात काखेत दाबून बसले.