खालची मधली केबिन

माझ्या कानात दोष आहे. डॉक्टर म्हणतात, तोल सांभाळणारा भाग बिघडलाय. घरचे म्हणतात, हिला गाडी लागते. बदलापूरहून माळशेजला जायचं ठरलं की आधी मलाच विचारायचे, "तुला झेपेल का?" आणि मी तोंड उघडायच्या आत ठरूनही जायचं की नाही झेपणार. मंडळी फिरायला जायची आणि मी शेजाऱ्यांच्या किल्ल्या, कुंड्या आणि दूधवाला सांभाळत घरी बसायची. अशी किती वर्षं गेली ते मोजायला मला आवडत नाही.

मुलीने मुंबई ते कोची क्रूझचा बेत काढला तेव्हा नवरा नेहमीच्या मायेने म्हणाला, "तू घरीच थांब, उगाच हाल होतील." मी म्हटलं, येणार. या खेपेला आडवी पडले तर पुन्हा मला कोणी विचारणारसुद्धा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हटलं.

बुकिंगला आम्ही तिघं उल्हासनगरला गेलो. एजंट बोलका सिंधी गृहस्थ. "माताजी, एकदम टॉप देतो! नववा डेक, सगळ्यात पुढची बाल्कनी. सुबह पडदा खोला की समुंदर!"

नवरा खूश झाला. आमच्याकडे वर म्हणजे सुरक्षित, हा एकच कायदा. मांजर्लीत आमचं तळमजल्याचं घर होतं. एका पावसाळ्यात उल्हास नदी आत शिरली आणि फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरात तरंगला. त्यानंतर नवऱ्याने चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तेव्हापासून तो लग्नघरीसुद्धा तळमजल्यावर झोपत नाही. त्याला मी कधी हसले नाही. तो चिखल मीही घासलाय.

पण समुद्रावर हा कायदा उलटा होतो. एसटीत मागच्या सीटवर माणूस उडतो, मधल्या सीटवर नाही. नारळ शेंड्याला झुलतो, बुंध्याला नाही. ज्याला गाडी लागते त्याला हे शिकवावं लागत नाही. जहाज लांबही असतं आणि उंचही. म्हणजे हा भला माणूस मला नेमकं जिथे सगळ्यात जास्त हलतं तिथे, बाल्कनीसकट, बसवायला निघाला होता.

टेबलावर जहाजाचा नकाशा होता. मी खालच्या मजल्यावर, बरोबर मधोमध बोट ठेवलं. "ही द्या."

"वो? माताजी, उसमें तो खिडकी भी नहीं. ती कोण मागत नाय."

"मला खिडकी नको. झोप हवी."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "पाण्याच्या बरोबरीला झोपायचं? मी तिथे पाऊल ठेवणार नाही."

"मग तुम्ही आणि लेक वर राहा. मी खाली राहते."

एजंटने आवाज खाली आणला. "अलग केबिन? काही झगडा वगैरे?"

"नाही. होऊ नये म्हणून."

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. या वयात वेगळी खोली, असं एकीने विचारलंच. म्हटलं, याच वयात, तरुणपणी कोण देतंय?

जहाज निघालं. खिडकी नसलेल्या त्या केबिनमध्ये मी दिवा मालवला आणि लहान मुलासारखी झोपले. हलत नव्हतं असं नाही, पण जे हलत होतं ते माझ्या कानाला चालण्यासारखं होतं. सकाळी उघड्या डेकवर मध्यभागी उभी राहून क्षितिज बघितलं आणि कडकडून भूक लागली.

नाश्त्याला नवऱ्याचे डोळे तांबारलेले. वरच्या केबिनमध्ये कपाटातले हँगर रात्रभर एकमेकांवर आपटत होते म्हणे. शेजारी ठाण्याचं एक जोडपं बसलं होतं. त्यांना तो कौतुकाने सांगायला लागला, "हिला आयुष्यभर गाडी लागायची. आता बघा, कशी इडली खातेय! शेवटी सगळं मनाचं असतं."

मनाचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर गप्प बसायला हवं होतं. मी जिंकले होते. बरी झाली म्हणून पुढच्या वेळी मला आपोआप नेलं असतं. पण मग आजवर जी ओकले, घरी बसून राहिले, ते सगळं नाटक ठरत होतं. असलं बरं होणं मला नको होतं.

मी ताट सारलं. "चला, तुमच्या केबिनमध्ये."

तिथे बाल्कनीकडे तोंड करून पलंगावर बसले. वारा वाढला होता. जहाजाचं नाक वर जायचं, क्षणभर थांबायचं आणि खाली यायचं. कठड्यापलीकडे आधी नुसतं आभाळ, मग नुसतं पाणी.

"आई, काय चाललंय तुझं?" मुलगी ओरडली.

"अगं, पुरे, चल खाली," नवरा म्हणाला.

मी हलले नाही. कान तापले, हात गार पडले, तोंडाला पाणी सुटलं. मुलीने धावत कागदी पिशवी आणली आणि इडली, चहा, सगळं तिच्यात गेलं. तोंड पुसून मी विचारलं, "हे मनाचं आहे?"

 नवऱ्याने माझा दंड धरला, लिफ्टचं बटण स्वतः दाबलं आणि मला घेऊन खाली आला. माझ्या दाराशी तो अडखळला. भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर हात लावून बघितलं, कोरडी आहे ना. मग आत येऊन मला निजवलं आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. हळूहळू माझं डोकं जागेवर आलं.

"इथे खरंच कमी हलतं गं," तो म्हणाला.

"हेच तर सांगत होते."

त्याने मला पाणी दिलं. चेहरा ओशाळलेला. "चुकलो मी. खराच त्रास होतो तुला. एवढे हाल होतात तर पुढच्या वेळी उगाच कशाला..."

मी उठून बसले.

"पुढच्या वेळीही मी येणार," मी म्हटलं. "खालची, मधली केबिन घेऊन. आणि तिथेही नाही झेपलं, तर ओकत येईन, पण येईन."