न धुतलेला हात

नथ्थूभाऊ कंपाउंडर जेवायला बसण्याआधी पाट उलटा करून पाहायचे. खाली विंचू नाही याची खात्री झाली की हात धुवायचे. आरमोरीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा दवाखान्यामागे त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझे जोडे माझ्याकडूनच झटकवून घेतले.

"भेनारा मानूस जगते, गुरुजी," ते म्हणाले. "जे भेत नाई, ते सारे आमच्या दवाखान्यात येतेत."

मी हसलो. कोणी हसलं तरी त्यांना राग येत नसे. पाणी उकळून प्यायचं, जांभळं उकळता येत नाहीत म्हणून खायचीच नाहीत, असा त्यांचा कारभार. पण या भित्रेपणामागे दुःख होतं. त्यांची दोन मुलं जन्मून आठवडाही न काढता गेली होती. त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरांनी त्यांना खाटेवरून उठायची बंदी केली, तेव्हापासून नथ्थूभाऊ स्वतःच्या घरात पाऊलसुद्धा चोरून टाकू लागले.

सरूबाई ढिवराची लेक. बापाबरोबर तळ्यावर मासे धरत वाढलेली ही बाई आता दिवसभर कुडाच्या भिंतीकडे बघत पडायची. तिच्यासाठी भाऊंनी दवाखान्यातल्या मोडक्या कपाटाच्या काचा सागवानी चौकटीत बसवल्या, डोंग्याच्या फटीत भरतात ती राळ सांध्यांना लावली, आणि ती पाण्याने भरलेली पेटी तिच्या खाटेसमोर मांडली. आत तळ्यातल्या बोटाएवढ्या मासोळ्या सोडल्या. मार्कंड्याच्या जत्रेहून येताना वैनगंगेच्या वाळूत त्यांना एक वाकडंतिकडं लाकूड सापडलं होतं, तेही आत शोभेला ठेवलं. सरूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

थोड्याच दिवसांत लाकडावर पांढरं आलं. आधी पिंजलेल्या कापसासारखं, मग शेंबडासारखं बुळबुळीत. पाणी हललं की तेही हलायचं. भाऊंनी लाकूड काढून घासलं, दवाखान्याच्या मोठ्या पातेल्यात उकळलं. पांढरं पुन्हा आलं. नेमकी तेव्हाच सरूबाईंची मावशी बाळंतपणासाठी येऊन राहिली. तिने पेटीत डोकावून पाहिलं. लाकडाचं एक टोक काळं होतं. ती मागे सरली.

"जवाई, हे कुठी भेटलं?"

"नदीवर. वाळूत."

"मसनाच्या खालतं? तिथलं लाकूड ढिवराचं पोरगं बी उचलत नाई. सरनाचं हाये हे!"

नथ्थूभाऊ नागभीडचे, रेल्वेच्या गावचे. नदीचे हे कायदे त्यांना कुठले ठाऊक! पण त्या दिवसापासून सरूबाईंची नजर पेटीवरून हटेना. "त्याले अंग येऊन राह्यलं," असं त्या कुजबुजत. लाकूड फेकून देतो म्हटलं, तर किंचाळायच्या, "बाहेर काढू नोका! ते घरात सुटन!" हळूहळू जेवण सुटलं. एका सकाळी त्या म्हणाल्या की पोटातलं मूल हलत नाही. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं, माझ्याही. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. कोणाला विचारणार?

मी परसदारात उभा होतो. मावशीने भाताचं ताट आणलं. सरूबाईंनी तोंड फिरवलं. मग नथ्थूभाऊ उठले, बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत त्या पाण्यात घातला. लाकडावरचं पांढरं निपटून मूठभर बाहेर काढलं, तिला दाखवलं आणि परत आत झटकलं. हात न धुता, पाट न उलटता ते ताटाशी बसले. पहिला घास मांडीवर सांडला. दुसरा त्यांनी गिळला.

"पाह्य, सरू. काई होयाचं असन तं मले होईन. तुले नाई, लेकराले नाई. आता तू खाय."

मावशी कुडाला टेकून देवाचं नाव घेत होती. सरूबाई बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग दुसरं ताट मागून चार घास जेवल्या.

भाऊ परसात येऊन माझ्याजवळ बसले. हात गुडघ्यावर उताणा ठेवलेला, जणू दुसऱ्याचाच.

"आता तरी धुवा," मी म्हणालो.

"सरू खाटेवरून पाहून राह्यली, गुरुजी. धुतला तं तिले समजन, मी भेलो."

"भ्यालात?"

"बहुत."

ऊन उतरेपर्यंत आम्ही तसेच बसलो. त्या तळव्यावर काही उमटतंय का, हे मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. इतकी भीती मला पुढे कधी जंगलात वाघाच्या डरकाळीनेही वाटली नाही. शेवटी आतून सरूबाईंनी हाक मारली. मूल हललं होतं.

पुढे ते पांढरं आपोआप विरत गेलं. मासोळ्यांनी खाल्लं की पाण्यात मुरलं, कोण जाणे. लाकूड खरंच सरणाचं होतं का, तेही कळलं नाही. सरूबाईंना मुलगी झाली आणि ती जगली.

ती रांगायला लागली तेव्हा भाऊंची सिरोंच्याला बदली झाली. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. खिडकीतून मुलीच्या गालाला हात लावणार, तोच नथ्थूभाऊंनी तिला चटकन मागे ओढलं.

"हात धुतले काय, गुरुजी?"

मी धावत विहिरीवर गेलो. हात धुऊन आलो, तोवर मोटार सुटली होती, आणि खिडकीतून त्यांचा तोच हात मला निरोप देत होता.