इशाला पर्यावरण शिकायचंय!

पर्यावरण शिकते असं चारचौघांत एकदा सांगितलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. लोक घरपोच आणून देतात! मी चंदीगडला विद्यापीठात एमएस्सी करते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळात कुणाच्या पोराला हे खूळ लागलं, की ते काढायला मलाच बोलावतात. यंदा मोघेकाकांची इशा. बारावी सायन्स झालेली, बीएस्सी पर्यावरणशास्त्राची सीट मिळालेली. सोमवारपर्यंत पक्की केली नाही तर गेली! पण काका एअरफोर्समधले. त्यांना हवं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, आणि त्यासाठी वर्षभर कोचिंग.

*

पहिल्याच भेटीत काका म्हणाले, "ईव्हीएस? परिसर अभ्यास? ते तर तिला तिसरीत होतं. चांगले मार्क होते. परत कशाला?"

*

काकूंनी मला थेट बाल्कनीत नेलं. "हा कढीपत्ता दर थंडीत मरतो गं. तू यातलीच ना? एवढा जगवून दाखव, मग मी ह्यांच्याशी बोलते."

"काकू, मी हवेतली धूळ मोजते!"

"मग आमच्या पंख्यावरची बघ की जरा!"

*

काका आम्हाला सेक्टर ३४ मधल्या एका करिअर काउन्सेलरकडे घेऊन गेले. इशाने विचारलं, पर्यावरणातल्या बीएस्सी आणि बीएमध्ये फरक काय?

"एक में लैब है जी, एक में नहीं।"

मी भडकले. एकात हवा, पाणी, माती तपासायला शिकवतात, दुसऱ्यात कायदे, धोरणं, माणसं. दोन्हींच्या वाटा वेगळ्या! सगळं एका दमात सांगून टाकलं.

मागच्या खुर्चीत नंबराची वाट बघणाऱ्या एक बाई पुढे झुकल्या. "बेटा, आप कौन-से केबिन में बैठते हो?"

*

परतताना झिरकपूरच्या जॅममध्ये अडकलो. पुढच्या ट्रकचा धूर गाडीत शिरला.

"काच वर घे, श्वास घेता येत नाहीये!" काका खोकत म्हणाले. "हं, तर काय सांगत होतो? या विषयाला स्कोपच नाही."

*

एकदा इशाने हळूच विचारलं, "ताई, सच बताओ. आपको जॉब मिल जाएगी ना?"

"पक्का!" मी म्हटलं. आणि रात्री नोकरीच्या जाहिराती चाळत बसले.

*

सोमवार उजाडला. ॲडमिशनची साइट आज बंद होणार, आणि काका अजून 'बघू' वरच. आदल्या दिवशी इशा आणि मी पिंजौरजवळच्या नाल्याचं पाणी तपासणीसाठी आणलं होतं. नमुने थंड ठेवावे लागतात, म्हणून बाटल्या त्यांच्याच फ्रिजमध्ये ठेवलेल्या. भर उन्हातून काका घरी आले, फ्रिज उघडला आणि एक बाटली तोंडाला लावली.

"पापा, रुको!"

एक घोट आत गेलाच.

"कसलं पाणी आहे हे?"

"नाल्याचं," मी म्हटलं. "कारखान्यांच्या खालच्या अंगाचं."

काकू किंचाळल्या. काकांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे नाही, इशाकडे बघत होते. "यात आहे तरी काय?"

इशा रडवेली झाली. "वही तो पढ़ना है, पापा!"

काका बेसिनकडे धावले. चूळ भरता भरता तिथूनच आवाज आला, "ती साइट किती वाजता बंद होते?"