घडीवरचं नाव

सकाळी फोन आला तेव्हा मी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ चाळत होते. विमलबाईंचा भाचा धुळ्याहून बोलत होता. म्हणाला, अक्का, आत्या गेली, पहाटे झोपेतच. मी म्हटलं, बरं. किती वाजता नेणार ते विचारलं, तर दहाला, म्हणजे मला पोचता येणार नव्हतं. फोन ठेवला आणि राहिलेलं पीठ चाळलं. सुनेला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, ती दोनदा येऊन विचारून गेली कोणाचा फोन होता म्हणून. दुपारी जेवताना सांगितलं तर म्हणाली, तुम्ही रडल्या नाहीत? नाही रडले. या गोष्टीला आता सहा आठवडे होऊन गेले, अजून रडू आलेलं नाही. बाईंच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या आठवणींच्या या पुरवणीसाठी मला लिहायला सांगितलं, म्हणाला तुमच्याइतकं त्यांच्याबद्दल कोणाला माहीत नाही. हे काही खरं नाही. पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती मीच सांगायला पाहिजे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावी बाई आल्या ते साल सदुसष्ट असेल. शाळा सातवीपर्यंत, दोन खोल्या आणि पुढे एक लांब ओटा. मी तिथे पाणी भरायचे आणि झाडलोट करायचे. वय चोवीस-पंचवीस, पण माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे मी सगळ्यांची अक्का होते आणि पोरंही अक्काच म्हणत. बाई धुळ्याच्या, तिशीच्या, लग्न न केलेल्या. एकट्या का, हे गावाने पहिल्या आठ दिवसांत सगळ्या बाजूंनी विचारून घेतलं आणि त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, जमलं नाही. मारवाडी दुकानदाराच्या घरामागची खोली त्यांनी घेतली. चालायच्या भरभर, बोलायच्या हळू, आणि स्वयंपाक त्यांना मुळीच येत नव्हता. त्यांच्या हातचं भरीत मी एकदा खाल्लं, पुन्हा गेले तेव्हा घरून डबा घेऊन गेले.

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटचे दोन तास बाई पोरांना लिहायला बसवत. त्याआधीच्या मास्तरांकडे निबंध म्हणजे फळ्यावरून उतरवायचा आणि पाठ करायचा, त्यामुळे सहावी-सातवीतल्या तीस-पस्तीस पोरांची आई एकच होती, प्रेमळ आणि कष्टाळू. एका शनिवारी मी माठ भरत होते आणि एक पोरगा उभा राहून वाचत होता की माझी आई मला जवळ घेऊन गोष्टी सांगते. माझ्या तोंडून निघून गेलं, ही कोणाची आई? याची माय तर मला माहीत आहे, रोज सकाळी काठी घेऊन याला गल्लीभर शोधत असते. पोरं लोळून हसली. मला वाटलं बाई आता रागावतील. त्यांनी मला हंडा खाली ठेवायला सांगितला, दाराशी बसवलं आणि त्या पोराला म्हणाल्या, काठीचं लिहून आण आणि अक्काला वाचून दाखव.

तिथून ते सुरू झालं. दर शनिवारी मी दाराशी बसायचे. पोरं बस्करपट्टीवर पाठीला पाठ लावून लिहायची. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पानं, दुकानदाराची बायको वर्षभर साठवून ठेवायची. ज्याचं लिहून झालं तो माझ्याजवळ येऊन वाचायचा. मला कळलं तर मी म्हणायचे, बठ्ठं समजनं, सगळं समजलं. नाही कळलं तर, नही समजनं. मग त्याने परत जाऊन पुन्हा लिहायचं. बाई लाल शाई वापरत नसत. शुद्धलेखन त्या सोमवारी बघायच्या, शनिवारी फक्त मला समजलं का एवढंच. एकाने लिहिलं, आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे. मी म्हटलं, कुशी कुठे आहे, नदीकडे की गिरणीकडे? त्याने चार वेळा लिहिलं. चौथ्यांदा त्यात गिरणीचा पट्टा तुटला होता, बायका पिठाचे डबे धरून बसल्या होत्या आणि त्यांची भांडणं जशीच्या तशी होती. ते मला समजलं. घरची बोली लिहायची का, असं पोरांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की माणसं बोलली तशी लिहा, तुम्ही सांगता ते पुस्तकासारखं लिहा. शाळेत मी चौथी झाले होते, पण माझ्या डोक्याला कोणी काम दिलं ते या दाराशी. त्याचा मला माज चढला हेही लिहिते. पोरं घाबरत घाबरत माझ्यापुढे उभी राहायची आणि ते मला आवडायचं.

सातवीत एक मुलगी होती. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, सिंधू हे नाव तिनेच सुचवलं आहे. ती माझ्या चुलत जावेची मुलगी, म्हणजे नात्याने माझी पुतणी. वर्गात सगळ्यांत चांगलं ती लिहायची. कापूस वेचताना बोंडाची टोकं नखाच्या कडेला कशी लागतात आणि मग आठवडाभर मीठ कालवताना कुठे कुठे झोंबतं, हे तिने लिहिलं तेव्हा मी आपली बोटं बघितली. सातवीची मोठी परीक्षा देऊन तिने धुळ्याला पुढे शिकावं, राहण्याचं मी बघते, असं बाईंनी तिच्या बापाला सांगून ठेवलं होतं. बाप हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता.

त्या माघात तिला बघायला पाहुणे आले. नंतरच्या शनिवारी ती माझ्याजवळ येऊन बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू वाचलं. ‘पाहुण्यांनी मला चालून दाखवायला सांगितले. मी डावा पाय ओढत चालले. पाय दुखत नव्हता. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. आई रडली. मला आईचे वाईट वाटले पण परीक्षा एप्रिलात आहे.’ एवढंच. मी हसले. खूप हसले. ती पण हसली. मी म्हटलं, बठ्ठं समजनं, आणि ती पळत जागेवर गेली.

मंगळवारी विहिरीवर जाऊ भेटली. तिचे डोळे सुजलेले. पोरीच्या पायात काही शिरलंय, बाहेरचं असेल, म्हणून शेजारच्या गावच्या एका माणसाकडून डागणी द्यायचं ठरवलं होतं. गुरुवारी नेणार होते. लाल तापवलेली सळई, गुडघ्याखाली तीन ठिकाणी. मी दोर सोडून दिला आणि म्हटलं, पोरना पाय चांगला शे. मग कागदावरचं सगळं सांगितलं. विहिरीवर आणखी दोघी होत्या.

डागणी चुकावी म्हणून मी सांगितलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. ते अर्धं खरं आहे. मी पोरीला गाठून सांगू शकले असते की आता बरं वाटतंय म्हण. बाईंना सांगू शकले असते, शाळा विहिरीपासून हाकेवर. पण ती गोष्ट शनिवारपासून माझ्या तोंडात होती. एवढ्या मोठ्या माणसांना बारा-तेरा वर्षांच्या पोरीने बनवलं, हे कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. आणि थोडा रागही होता, की हिची माय रडते आणि ही लिहीत बसते... हे सगळं मिळून तोंडातून बाहेर आलं.

डागणी झाली नाही. पाहुण्यांना पुन्हा निरोप गेला, काटा रुतला होता, निघाला. चैत्रात लग्न झालं. परीक्षेच्या दिवशी ती सासरी होती.

बाईंना कळलं ते सिंधूचं नाव पटावरून काढायला तिचा बाप आला तेव्हा. तो त्यांना म्हणाला की तुम्ही पोरींना घरातलं बाहेर लिहायला शिकवता. बाईंनी सही करून दिली. तो गेल्यावर मी ओटा झाडत होते, तिथे त्या आल्या.

“तुला समजलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

“समजलं होतं.”

“सगळं?”

मी पुन्हा झाडायला लागले. त्या वर्गात गेल्या. यापेक्षा जास्त त्या या विषयावर माझ्याशी पुढच्या पन्नास वर्षांत बोलल्या नाहीत.

शनिवारी मी दाराशी गेले नाही. त्यांनी पोरगी पाठवून बोलावून घेतलं आणि मी बसल्यावर पोरांना नवीन पद्धत सांगितली. लिहून झालं की कागदाची घडी घालायची आणि घडीवर लिहायचं, हे कोणाला ऐकवायचं. ज्याचं नाव नसेल त्याने उघडायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. काही पोरांनी लिहिलं, सगळ्यांना. काहींनी बाईंना. एकीने कोणालाच नाही असं लिहिलं आणि बाईंनी तो कागद तसाच पेटीत टाकला. चार-पाच घड्यांवर होतं, अक्काला नको. चौथी शिकलेली असले तरी एवढं मला वाचता येत होतं. त्या दिवशी बाई स्वतः पण पोरांत बसून लिहीत होत्या, कॅलेंडरच्याच पानावर. लिहून त्यांनी घडी घातली.

पुढचे कितीतरी शनिवार मी तिथे नुसती बसले. एकही पोर आलं नाही. माठाचं पाणी पिऊन पोरं माझ्याकडे न बघता जायची. मी बाईंना म्हटलं की मला घरी कामं आहेत, तर म्हणाल्या, तासभर बस. त्या मला का बसवत होत्या हे मी कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीत बाहेरगावाहून नवा आलेला एक बारका जवळ आला, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्याने मला त्यांच्या शेळीबद्दल वाचून दाखवलं. मी ऐकलं. घरी नवऱ्याने विचारलं आज काय वाचलं पोरांनी, तर मी म्हटलं आठवत नाही. शेळीचं होतं, तरी सांगितलं नाही. हळूहळू आणखी पोरं आली. जी तेव्हा विहिरीची गोष्ट ऐकून होती त्यांच्यापैकी कोणी आलं नाही.

त्र्याहत्तरच्या सुमाराला बाईंची बदली झाली, पुढे त्या धुळ्यालाच राहिल्या. वर्षातून एकदा मी जायचे, मुक्काम करायचे, स्वयंपाक करून घालायचे. गप्पा व्हायच्या, गुडघ्यांच्या, भाच्याच्या, भाज्यांच्या. सिंधूचा विषय कधी निघाला नाही. तिचं सासर धुळ्यापासून बसने तासाभरावर आहे. तिचं काही वाईट झालं असं नाही, घर पक्कं, मुलं हाताशी आली, नवरा बरा. गावातल्या लग्नांत भेटायची तेव्हा मला वाकून नमस्कार करायची आणि पुढे जायची.

तेराव्याला मी धुळ्याला गेले. बाईंची खोली भाच्याने आवरायला काढली होती. कॉटखाली पत्र्याची ट्रंक, त्यात सुतळीने बांधलेले कागद. तो म्हणाला, अक्का, हे रद्दीत देऊ का, बघून सांगा. मी खाली बसून बघितले. पोरांचेच होते, काही मोकळे, काही घड्या. ‘कोणालाच नाही’ची घडी पण होती, कोणी उघडलेली नव्हती. तळाशी एक घडी होती त्यावर बाईंचं अक्षर, सिंधूला. भाचा ती उघडायला लागला तर मी त्याच्या हातातून घेतली. म्हणाला, काय आहे त्यात? मी म्हटलं, वर तुझं नाव नाही. माझंही नाही.

दुसऱ्या दिवशी बसने सिंधूकडे गेले. पिशवीत ती घडी आणि अर्धा किलो पेढे, नुसत्या हाताने कसं जायचं. तिने दार उघडलं, नमस्कार केला. मी घडी दिली आणि कुठे सापडली ते सांगितलं. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

“तू वाचलं?”

“नाही.”

तिने मला आत बसवलं. मग आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हात धुतलेले होते आणि तिने चहा ठेवला. कागदात काय होतं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निघताना मी म्हटलं, मला बाईंबद्दल लिहायला सांगितलंय, तुझं आल्याशिवाय ते लिहिता येत नाही, लिहू का? म्हणाली, लिही, नाव बदल, आणि छापायला देण्याआधी मला ऐकव.

म्हणून परवा पुन्हा गेले. ती लसूण सोलत बसली होती. मी वाचायला लागले. चालून दाखवण्याचं आलं तेव्हा म्हणाली, उजवा नाही, डावा पाय. मी उजवा लिहिलं होतं, तिथेच दुरुस्त केलं. विहिरीचं आलं तेव्हा ती उठली, बाजूच्या खोलीत टीव्ही चालू होता तो बंद करून आली आणि परत बसली. मी वाचत गेले, शनिवारी कोणी पोर माझ्याजवळ येईना इथपर्यंत, आणि थांबले.

“पुढे वाच,” ती म्हणाली.

“पुढे अजून लिहिलेलं नाही.”

“मग लिहून आण,” ती म्हणाली, आणि दुसरा गड्डा फोडायला घेतला.