परळच्या खोलीतली प्रार्थना

नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीतून मी परळच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. चाळीत एका मालवणी कुटुंबाकडे पोटभाडेकरू म्हणून राहत होते. आतली खोली त्यांची, गॅलरीकडची माझी. नवरा गिरणीत, बायको घरी, मूलबाळ नव्हतं. बायकोला मी वहिनी म्हणायचे. माणसं चांगली होती, पण अख्ख्या चाळीत ख्रिस्ती मी एकटीच. दिवेलागणीला कुणाकडे आरती चालायची, कुणाकडे भजन, आणि मी दार लोटून वह्या तपासत बसायचे.

रविवारची उपासना हाच आधार. बसने गिरगावच्या चर्चला जायचं, मंडळीबरोबर मोकळ्या गळ्याने गायचं आणि आठवडाभराची शिदोरी घेऊन परतायचं. मग मोर्चे वाढले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. बस बंद.

त्या रविवारी मी खोलीतच पवित्र शास्त्र, आमचं बायबल, उघडून बसले. एक स्तोत्र वाचलं, डोळे मिटले, आणि पुढे काही सुचेचना. गावं म्हटलं तर भिंतीपलीकडे ऐकू जाईल याचा संकोच. तेव्हा ध्यानात आलं, आजवर मी इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळत आले होते. देवाशी माझं स्वतःचं असं बोलणं कधी झालंच नव्हतं.

संचारबंदी उठल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं.

"प्रार्थना होतच नाही. कुणी ऐकतंय असं वाटत नाही."

"रोज सकाळी बसा बाई," ते म्हणाले. "शब्द नाही आले तरी बसा."

"त्यानं काय होईल?"

"ते मला सांगता यायचं नाही."

नळाला पाणी यायच्या आधी मी चटई टाकून बसू लागले. बहुतेक सकाळी काहीच घडायचं नाही. गावाकडची आठवण तेवढी यायची.

अशातच वहिनींच्या नवऱ्याला सत्याग्रहात अटक झाली. दुसऱ्या सकाळी मी डोळे उघडले तर वहिनी उंबऱ्यात उभ्या.

"बाई, तुमच्या देवाक ह्यांच्यासाठी सांगशात काय?"

"सांगते. या, बसा."

त्या माझ्या शेजारी टेकल्या. मी म्हणाले, "प्रभू, यांचे यजमान तुरुंगात आहेत. त्यांना सांभाळ. यांनाही धीर दे." एवढंच. त्यात पाठ केलेलं एकही वाक्य नव्हतं. वहिनी रडू लागल्या, मग मीही. खूप दिवसांनी वाटलं, आपलं बोलणं कुठेतरी पोचलं.

ते सुटेपर्यंत वहिनी रोज येऊन बसल्या. ते सुटून आले त्या दिवशी चाळीने गुलाल उधळला, घोषणा दिल्या. त्या गर्दीतून वहिनींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. नंतर मात्र त्या आल्या नाहीत. सकाळी नवऱ्याचा डबा करायचा असायचा. मला राग नव्हता, पण चटईवरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे नजर जायची.

पुढे बस नियमित झाल्यावर मी रविवारी मंडळीत पुन्हा जाऊ लागले. गायनाचा आनंद तोच होता, पण आता त्यावाचून अडत नव्हतं. लग्न मी केलं नाही. परळमध्ये एकटीच राहिले. एकटेपण गेलं असं म्हणणार नाही. सकाळचं बसणं मात्र सुटलं नाही. एखाद्या दिवशी कुणासाठी तरी मागणं सुचतं, शब्द सापडतात. बरेच दिवस नुसतीच बसते.