बोट उचललं तेव्हा

देवाशी माझं फारसं जमत नव्हतं. मी नांदेडला अपंग मुलांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणारी. देव असता तर शाळेच्या पायऱ्यांशेजारी एक उतार तरी बांधला गेला असता, असं लोकांना तोंडावर सांगायची. तरी यंदा मुखेडजवळच्या आमच्या गावच्या सप्ताहाला गेले, ती भाचीच्या हट्टापायी.

गौरी अकरा वर्षांची, लातूरला शिकते. छापलेली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत. तीच पोर चार आकडी गुणाकार तोंडी करते आणि एकदा ऐकलेलं विसरत नाही. शाळेचं म्हणणं, "एवढी हुशार आहे, मग वाचत का नाही? नाटकं सगळी!" म्हणजे हुशारी दिसली की अडचण खोटी, आणि अडचण दिसली की हुशारी खोटी. वा रे न्याय! परीक्षेत प्रश्न वाचून दाखवणारा माणूस आणि लेखनिक मिळावा म्हणून मी अर्ज लिहिला. सोमवारी द्यायचा होता, नाहीतर पोर पुन्हा त्याच वर्गात बसणार होती. अर्ज तिला वाचून दाखवला: वाचता येत नाही, लिहिता येत नाही, जमत नाही, झेपत नाही. पत्रकाची सवय, दुःख जितकं ठळक तितकं बरं. ती म्हणाली, "हे न्हाई द्यायचं. बसू दे मला त्याच वर्गात." आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. मला रागच आला. मी हिच्यासाठी भांडत राहिले आणि हिला त्याचं काहीच नाही!

पारायणाची आमच्याकडे रीत अशी, की प्रत्येकानं आपली पोथी पुढ्यात घ्यायची आणि ओवीवर बोट ठेवून सगळ्यांसोबत एका सुरात वाचायचं. शेजारी एकजण वीणा घेऊन उभा. सात दिवस ती वीणा खाली टेकत नाही, पहारे बदलत राहतात. आम्ही बसलो त्या सकाळी ज्याचा पहारा होता तो माणूस आलाच नाही. निलंग्याकडून कुणाच्या तरी सोबतीनं आलेले एक आंधळे बाबा मंडपात बसले होते, त्यांच्या गळ्यात वीणा घातली.

गौरी माझ्या शेजारी बसून खणखणीत म्हणत होती. महिनाभर तिनं मोबाइलवर अध्याय ऐकून पाठ केले होते, हे मला नंतर कळलं. मला दिसलं एवढंच, की तिच्यापुढं भलतंच पान उघडं आहे. बायका काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं. माझ्या! मी पान उलटलं, तिचं बोट धरलं आणि ओवीवर दाबलं. "इथं बघ."

तिचा आवाज तिथंच तुटला. पुढची बाई वळून म्हणाली, "अगं माय, मावशी एवढी शिकलेली अन् तुला पान घावंना?" गौरीनं पोथी मिटली आणि उठून वीणेकरी बाबांजवळच्या खांबाला टेकून बसली.

अध्याय संपला तसं बाबांनी विचारलं, "ती पोरगी काहून थांबली? लई बरोबर चाललं होतं तिचं."

"बाबा, तिला अध्ययन अक्षमता आहे," मी पत्रक सुरू केलं.

"असंल. पानं उलटल्याचा आवाज येतो मला. ती थांबेपर्यंत तिच्याकडून एकदाबी आला न्हाई. म्हणलं, ही आपल्यातली हाय."

गौरी फाटकन बोलली, "बाबा, तुम्हाला हात धरून आणलं. लाज न्हाई वाटत?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. बाबा मात्र हसले. "पायरी आली की धरतो हात. न्हाई धरला तर पडतील की दात! पण बाय, वीणा काय आंधळा म्हणून दिली व्हय मला? सुरात हाय म्हणून दिली. दोन्ही सांगावं माणसानं."

पुढच्या अध्यायाला गौरी परत माझ्याजवळ आली. पोथी मिटलेलीच ठेवली आणि म्हणू लागली. ती बाई पुन्हा वळली. माझा हात आपोआप पानाकडे गेला. तो मी मागं घेतला, माझीही पोथी मिटली आणि ऐकत राहिले. इतकी वर्षं मी तिच्या वतीनं बोलत होते. तिला ऐकलं ते त्या सकाळी.

पंगतीत ती हळूच म्हणाली, "मावशी, अर्ज बदल. आधी येतं ते लिही. मग येत न्हाई ते."

तसाच लिहिला. सोमवारी मुख्याध्यापकांनी पहिली ओळ दोनदा वाचली, तिला एक गुणाकार घातला, उत्तर स्वतः कागदावर करून पाहिलं आणि सही केली.

वीणेच्या पहाऱ्याचा माणूस त्या दिवशी का आला नाही, हे मी चौकशी करून काढू शकले असते. काढलं नाही, तेवढं देवाच्या खात्यावर राहू दिलं. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी समजत आले. भांडण मी सोडलेलं नाही, तो उतारही बांधून घेणारच. लेकराच्या ओवीवर आपलं बोट दाबून धरणं तेवढं सोडलं. ते बोट उचललं, हात मोकळे झाले, आणि त्या मंडपात पहिल्यांदा जोडता आले.